कामराज आणि शाळेतले जेवण

तमिळनाडूच्या समृद्धीची चर्चा बंदरे, मोटार कारखाने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्याभोवती फिरते. माझ्या मते ती विरुदुनगरच्या एका मुलापासून सुरू व्हायला हवी. १९०३ साली जन्मलेल्या कामराजांचे पितृछत्र लवकर हरपले आणि शाळा सोडून त्यांना मामाच्या दुकानात उभे राहावे लागले. पुढे काँग्रेस, मग कित्येक वर्षांचा तुरुंगवास. शिक्षण अर्धवटच राहिले.

१९५४ मध्ये ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. प्राथमिक शाळेची वेळ कमी करून मुलांना उरलेल्या वेळात घरच्या व्यवसायात गुंतवण्याची राजगोपालाचारींची योजना त्यांनी रद्द केली आणि गावोगावी शाळा काढल्या. मात्र शाळा उघडल्याने वर्ग भरतोच असे नाही. गरीब घरातले मूल गुरांमागे जाते आणि वर्गात आलेच, तर रिकाम्या पोटी त्याचे चित्त फळ्यावर ठरत नाही. १९५६ मध्ये एट्टयपुरम येथे लोकवर्गणीतून दुपारचे जेवण सुरू झाले. पुढे सरकारने खर्चाचा वाटा उचलला. ही कल्पना कामराजांची नव्हे. मद्रास महापालिकेने १९२० मध्येच तसा प्रयोग केला होता. कामराजांचे श्रेय असे की, एका गरीब राज्याच्या अंदाजपत्रकात त्यांनी मुलांच्या ताटाला दयाधर्माच्या नव्हे, शिक्षणखर्चाच्या रकान्यात जागा दिली.

१९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी योजना विस्तारली आणि १९९५ मध्ये ती देशभर गेली. तरी अनेक राज्ये कोरडे धान्यच वाटत राहिली. शिजवलेले अन्न द्या, हे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी कामराज निवर्तले. योगायोग असा की, सहा वर्षांखालील मुलांसाठीची एकात्मिक बालविकास योजना त्याच दिवशी सुरू झाली. कामराजांच्या उपायाची मर्यादा नेमकी इथेच होती. मेंदूची सर्वांत वेगवान वाढ गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत होते. शाळेतले ताट त्यानंतर कितीतरी उशिरा समोर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण देशात ३५.५ टक्के, महाराष्ट्रात ३५.२ टक्के, तर तमिळनाडूत २५ टक्के आढळले. म्हणजे कामराजांच्या राज्यातही चारातले एक मूल पहिलीत पाऊल टाकण्यापूर्वीच मागे पडलेले असते. अंगणवाडीतून तीन वर्षांखालील बाळासाठी घरी दिला जाणारा शिधा बहुधा साऱ्या कुटुंबात वाटला जातो, आणि त्यातले बाळाच्या वाट्याला किती आले, हे कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.