काहीच न घडणाऱ्या गोष्टींचा धनी

दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात माझी नात पुण्याहून वाशीमला आली. टक्के अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले होते. मार्कांचा विषय काढू नका, असे तिच्या आईने फोनवर मला दोनदा बजावले होते. पोरगी दिवसभर माजघरातल्या पलंगावर मोबाईल घेऊन पडून असे. तिसऱ्या दिवशी मी चष्मा लावून तिच्याशेजारी जाऊन बसलो. एक जपानी कार्टून मालिका चालू होती. लहानसे गाव, शाळकरी मुली, त्यांचा चहा, कुणाची तरी हरवलेली छत्री. दोन भाग झाले तरी चोर आला नाही की कुणी मेले नाही. मी पडलो कादंबरीकार. शेवटी न राहवून गोष्ट कधी सुरू होणार, असे विचारले. हीच गोष्ट आहे आबा, असे ती म्हणाली. यात काहीच घडत नाही, म्हणून तर ती बघत होती.

तिच्या उत्तराने मला याच घरातली १९७९ मधली एक रात्र आठवली. मी नुकताच बँकेत लागलो होतो आणि रोखीच्या खिडकीवर बसत होतो. एका संध्याकाळी रोकड जुळेना. चार वेळा मोजली तरी ४०० रुपये कमीच. चूक माझीच होती आणि भरपाईही मलाच करायची होती. त्या काळी एवढ्या रकमेत आमच्या घराचा महिना निघत असे. वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी काही न बोलता कपाटातून पैसे काढून दिले. जेवणे झाल्यावर वाचनालयातून आणलेले, पुठ्ठा निखळलेले एक पुस्तक घेऊन ते बसले आणि मोठ्याने वाचू लागले. पुस्तक होते ‘चिमणरावाचे चऱ्हाट’. तिसऱ्या पानाला आई स्वयंपाकघराच्या दाराआड हसली. पाचव्या पानाला मीही हसलो. त्या ४०० रुपयांबद्दल वडिलांनी त्या रात्री विचारले नाही, आणि पुढे हयातभर विचारले नाही.

त्या पुस्तकाचे लेखक चिंतामण विनायक जोशी, म्हणजे सगळ्यांचे चिं. वि. त्यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. शिक्षणही तिथलेच. धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली भाषेच्या अभ्यासाचा पाया घातला, त्याच काळातले हे तरुण. चिं. विं.नीही पाली हाच आपला विषय केला. पुढे ते बडोद्याला गेले. तिथल्या महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि नंतर संस्थानाच्या जुन्या दप्तराचे कामही सांभाळले. पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले. ‘सद्धम्मप्पकासिनी’ हा जुना टीकाग्रंथ संपादून दिला. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने तो १९३३ ते १९४७ या काळात तीन खंडांत छापला. एवढ्या कामावर एखाद्याने जन्मभर विद्वान म्हणून मिरवले असते.

पण ज्या वर्षी त्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, त्याच १९३३ साली ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ही निघाले. त्याआधी १९३२ मध्ये ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आले होते, नंतर ‘वायफळाचा मळा’ आला. वाचकहो, ही नावे पुन्हा एकदा वाचा. उसाच्या चरकात एरंड घातला तर रस निघायचा नाही. चऱ्हाट म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा लांबलचक दोर, आणि तसेच न संपणारे बोलणे. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे हा लेखक प्रत्येक मुखपृष्ठावरच सांगून टाकतो.

आणि खरेच, या गोष्टींत मोठे असे काय घडते? चिमणराव हा किरकोळ अंगाचा, भिडस्त कारकून. बायको काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू, शिवाय म्हातारी आई. मदतीला दांडगा गुंड्याभाऊ. पाहुणे येतात, प्रवास होतो, लग्ने जुळवावी लागतात. पण जरा खरवडून पाहिले तर खाली काय दिसते? महिनाअखेरची ओढाताण, साहेबाची धास्ती, घरातल्या मुलीच्या लग्नाची चिंता. माझ्या वडिलांना हे सारे कचेरीतून घरी येताना रोज भेटत होते. चिं. विं.नी ही भीती लपवली नाही. ती त्यांनी चिमणरावाच्याच तोंडून, त्याच्या स्वतःच्या फजितीच्या रूपाने सांगितली. इथे हसणाराही तोच आणि ज्याला हसायचे तोही तोच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला खाली पाहावे लागत नाही. गुंड्याभाऊच्या मदतीने पुष्कळदा घोटाळा वाढतो, हे खरे. पण तो धावून येतो, हे महत्त्वाचे.

पाली ग्रंथांचा पंडित अशा गोष्टींकडे कसा वळला, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता तितकेसे वाटत नाही. पाली वाङ्मयात जातककथा आहेत, आणि चिं. विं.चा त्यांचा अभ्यास होता. त्यांत राजे आहेत, तसे व्यापारी, शेतकरी, माकडे आणि हत्तीही आहेत. लहान जीवालाही तिथे गोष्टीचा मान मिळतो. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची काही उत्तम लेणी झाली. सतराव्या लेण्याच्या भिंतींवर जातके रंगवलेली आहेत. त्या चित्रांतली गर्दी पाहताना मला चिमणरावाच्या घरातली गर्दी आठवते. हा माझा तर्क, त्याला पुरावा नाही.

चिमणराव पडद्यावरही आला. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पाहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी रंगवली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी चिं. वि. गेले. त्यानंतर सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने मालिका केली, तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याची घरे त्या वेळी खोखो हसली म्हणतात. आम्हा वाशीमकरांपर्यंत ते प्रक्षेपण पोहोचतच नव्हते. आमची भिस्त वाचनालयावर.

जपानमध्येही अशी एक घरगुती गोष्ट आहे. माचिको हासेगावा या बाईंनी युद्धानंतर, १९४६ मध्ये, वर्तमानपत्रात ‘साझाए-सान’ ही चित्रमालिका सुरू केली. एका साध्या कुटुंबाचे रोजचे जगणे, एवढाच तिचा विषय. तिच्यावरची कार्टून मालिका १९६९ पासून दर रविवारी लागते आणि अजून चालू आहे. युद्धाने होरपळलेल्या देशाला पराक्रमाच्या कथांपेक्षा जेवायला एकत्र बसलेले घर जवळचे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. माणूस पडतो तेव्हा त्याला उपदेश नको असतो. पडलो तरी घरातले आपले ताट कुणी उचललेले नाही, एवढे कळले तरी पुष्कळ होते. चिं. विं.च्या गोष्टी मला हेच सांगत आल्या आहेत.

मी कपाटातून ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ काढले आणि नातीच्या उशाशी ठेवले. वाच असे म्हटले नाही. दुसऱ्या दुपारी तिने एकदोन शब्दांचे अर्थ विचारले. रात्री तिच्या खोलीतून हसू ऐकू आले. गुंड्याभाऊ थेट आपल्या आतेभावासारखा आहे, असा तिचा अभिप्राय पडला.

मार्कांबद्दल मी काही विचारले नाही. सहाव्या दिवशी मी ओसरीवर तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसलो होतो. ती समोर येऊन बसली, ताट आपल्याकडे ओढले आणि गणिताच्या पेपरात काय झाले ते आपणहून सांगू लागली.