दत्ताराम हिंदळेकर : दैव आणि दुर्लक्ष

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना मुंबईची वाट कधीच परकी नव्हती. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, कलेसाठी येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या नगरीत गेली. तेरेखोल नदीपलीकडच्या कोकणाचीही तीच कथा. रत्नागिरीत १ जानेवारी १९०९ रोजी जन्मलेले आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर हे त्याच वाटेचे एक प्रवासी होत.

हिंदळेकर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरीस होते. वेतन अल्प, संसार मोठा. त्या काळी क्रिकेटवर कोणाचे घर चालत नसे. तरीही पंचरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून आणि रणजी स्पर्धेत मुंबईकडून खेळताना त्यांनी यष्ट्यांमागे आपले स्थान निर्माण केले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली.

लॉर्ड्‌सवरील पहिल्या कसोटीत विजय मर्चंट यांच्यासह त्यांनी सलामीस जाऊन ६२ धावांची भागी केली. त्यांत त्यांच्या २६ धावा होत्या. भारताचा सारा डाव १४७ धावांत आटोपला, हे ध्यानी घेता या प्रारंभाचे मोल कळून येते. परंतु याच सुमारास बोटाच्या हाडास इजा झाली, दृष्टीही अंधुक झाली आणि संघातील जागा गेली. पुढच्याच मँचेस्टर कसोटीत मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीस २०३ धावा रचल्या. दोघांचीही शतके झाली आणि त्या जोडीचे नाव अजरामर झाले. हिंदळेकर मात्र प्रेक्षक ठरले.

यानंतर महायुद्ध आले. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाही. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे अशी वाया गेली. १९४६ साली पुन्हा इंग्लंडला जाण्याचा योग आला तेव्हा हिंदळेकर सदतीस वर्षांचे होते. या वेळी तिन्ही कसोटींत यष्टिरक्षण त्यांच्याकडेच होते. मँचेस्टरला विजयासाठी २७८ धावा हव्या असताना भारताचे नऊ गडी बाद झाले. अखेरची तेरा मिनिटे रंगा सोहोनी आणि हिंदळेकर यांनी खेळपट्टीवर काढली आणि १५२ धावसंख्येवर सामना अनिर्णित राखला. हिंदळेकरांच्या नावापुढे त्या डावात अवघ्या चार धावा आहेत. पण त्या चार धावांमागे पराभव टाळण्याची जिद्द उभी आहे.

चार कसोटी, एकाहत्तर धावा, एवढीच त्यांच्या कसोटी कारकिर्दीची नोंद. मडगावी जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांना १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये हातून निसटू पाहणारी संधी लाभली आणि त्यांनी ६४२ धावा करून तिचे सोने केले. हिंदळेकरांच्या वाट्याला तसा योग आला नाही. दुखावलेले बोट, मंदावलेली दृष्टी, जगावर लादले गेलेले युद्ध यांचा दोष कोणाही माणसास देता येत नाही. त्यास दैवच म्हणावे लागते.

परंतु त्यांच्या अंताविषयी असे म्हणता येत नाही. १९४९ च्या प्रारंभी ते आजारी पडले. योग्य उपचार परवडण्याजोगे नव्हते आणि त्यांच्या अवस्थेकडे वेळीच कोणाचे लक्षही गेले नाही. ३० मार्च १९४९ रोजी मुंबईत वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कुटुंबासाठी निधी जमला, तो त्यांच्या मृत्यूनंतर. हाताशी असलेली मदत काही दिवस आधी पोहोचती, तर कदाचित हा यष्टिरक्षक वाचला असता. याला दुर्दैव म्हणणे म्हणजे आपल्या दुर्लक्षावर पांघरूण घालणे होय.

त्यांचे भाचे विजय मांजरेकर यांनी १९५२ साली लीड्‌स येथे १३३ धावांची खेळी केली. ते पाहावयास मामा नव्हते. पुढे फार उशिरा, चालू शतकात, माजी कसोटीपटूंना नियमित निवृत्तिवेतन मिळू लागले. ज्या पिढीस त्याची सर्वाधिक गरज होती, तिच्यातील अनेक जण तोवर निघून गेले होते. आपल्या गावातील, आपल्या परिचयातील गुणवंतांची विचारपूस ते हयात असतानाच करावी, हेच हिंदळेकरांच्या चरित्रातून घ्यावयाचे आहे.