गाण्याला शाळेत नेणारे गायनाचार्य – पं. विष्णू दिगंबर पलुस्कर

परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत शनिवार-रविवार म्हणजे मुलांचा गाण्याचा क्लास. मुले वहीत स्वरलिपी उतरवून घेतात, 'प्रारंभिक', 'प्रवेशिका', 'मध्यमा' अशा परीक्षा देतात आणि चिकाटीची असली तर 'विशारद'पर्यंत पोचतात. फी भरली की कोणालाही गाणे शिकता येते, याचे आपल्याला आज नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते मोठेच नवल होते. ते ज्यांनी घडवून आणले, त्या पं. विष्णू दिगंबर पलुस्करांची ओळख आम्ही या वेळी करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे सूर-ताल घरातच होते. पण लहानपणी दत्तजयंतीला जवळच्या नरसोबाच्या वाडीत चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि विष्णूची दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट बंद झाली, गाण्याची उघडली. मिरजेला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हेच ते बुवा. गुरुगृही राहून पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकायचे, अशी ती पद्धत होती.

मिरजेतच त्यांना एक गोष्ट बोचली. लोक गाण्यावर खूष होत, पण गवयाला मान देत नसत. प्रतिष्ठितांच्या समारंभाला बाळकृष्णबुवांसारख्या थोर गायकालाही बोलावणे नसे, कारण काय तर ते गवई! हा अपमान शिष्याच्या जिव्हारी लागला.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ते देशभर फिरले. दरबारी नोकरी धरली असती तर आयुष्य सुखाने गेले असते. त्याऐवजी सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजवाड्यात किंवा देवळातच ऐकू येणारे गाणे सामान्य माणसाला पैसे देऊन ऐकता येऊ लागले.

मग ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घरापासून इतक्या दूर, परक्या मुलखात, परकी भाषा बोलणाऱ्या लोकांत! आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांना त्यातले धाडस वेगळे सांगायला नको. सुरुवातीला विद्यार्थी येईनात, पण बुवा डगमगले नाहीत. त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा सुरू केल्या. होतकरू मुलांना स्वतःजवळ ठेवून शिक्षक म्हणून तयार केले. शाळेत तानसेन घडत नाहीत, अशी टीका होई. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की निदान चांगले 'कानसेन' तर घडतील!

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढले आणि पुढे त्यासाठी मोठी इमारत बांधली. ती कर्जावर उभी होती. बुवा गावोगाव जलसे करून हप्ते फेडत राहिले, पण कर्ज काही फिटेना. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. आयुष्याची मिळकत डोळ्यांदेखत गेली. घरातही दुःख थोडे नव्हते. त्यांची बरीच मुले लहानपणीच गेली होती.

उत्तरायुष्यात ते रामनामाकडे वळले. नाशिकला पंचवटीत त्यांनी आश्रम स्थापन केला. 'रघुपति राघव' या रामधुनीची आज घरोघरी माहीत असलेली चाल त्यांचीच मानली जाते. पण वृत्ती विरक्त झाली तरी कणा ताठच होता. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनाला हरकत घेतली. तरी बुवांनी 'वंदे मातरम्' पूर्ण गायले आणि मगच ते खाली बसले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला त्यांचे निधन झाले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता.

इमारत गेली, पण माणसे उरली. पं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीत शिकवू लागले. पं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय उभे केले. प्रा. बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व घडले. आणि १९३१ मध्येच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आपली मुले ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. पोरक्या दत्तात्रेयालाही गुरुबंधूंनीच शिकवले. तेच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजले. दुर्दैवाने १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तेही गेले.

आमचे एकच सुचवणे आहे. यंदा २१ ऑगस्टला मुलांना जवळ बसवून डी. व्ही. पलुस्करांचे एखादे भजन ऐकवा. आणि ते संपले, की त्यांच्या वडिलांची ही गोष्ट सांगा.