स्टार वॉर्सची स्क्रिप्ट देऊन महिन्याभरात गेलेल्या ली ब्रॅकेट

हान सोलो आणि लेयाची लव्हस्टोरी ज्यात फुलते, त्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'ची पहिली स्क्रिप्ट ली ब्रॅकेट यांनी लिहिली होती.

१९१५ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या ली १९४० पासून मंगळ-शुक्रावरच्या साहसकथा लिहीत होत्या. त्यांची डिटेक्टिव्ह कादंबरी वाचून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनी सिनेमा लिहायला बोलावलं, तेही पुरुष समजून! १९४६ मध्ये त्यांनी विज्ञानकथाकार एडमंड हॅमिल्टनशी लग्न केलं. १९७७ मध्ये ते गेले.

त्याच वर्षी जॉर्ज लुकासनी त्यांना हे काम दिलं. कॅन्सर असतानाही त्यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये स्क्रिप्ट दिली. गंमत म्हणजे, त्यात डार्थ व्हेडर ल्यूकचा बाप नव्हताच! १८ मार्चला ली गेल्या. स्क्रिप्ट नंतर बरीच बदलली, पण पडद्यावर त्यांचं नाव राहिलं.