झाकणाची शेगडी बनवणारे जॉर्ज स्टीफन

बार्बेक्यू म्हटलं की गोल झाकणाची काळी शेगडी आठवते ना? ती बनवली अमेरिकेतल्या जॉर्ज स्टीफन यांनी. १२ मुलांचे हे वडील शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या शेगडीवर वाऱ्या-पावसात स्वयंपाक बिघडायचा. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी बोयाचे दोन अर्धे भाग घेतले: खाली शेगडी, वर झाकण. झाकणाखाली हवेअभावी कोळसे विझू लागले, तेव्हा भोकं पाडली. तीच खरी कमाल! भोकं जितकी बंद, तितकी आच कमी. कोळसे एका बाजूला, पोर्क रिब्स दुसऱ्या बाजूला ठेवायच्या. सुमारे ११० अंश सेल्सिअसवर ५-६ तासांत कोलॅजन विरघळतं, धूर मुरतो आणि मांस मऊ होतं. स्टीफन १९९३ मध्ये गेले. त्यांची शेगडी आजही अशीच चालते.