खेळाने उभा केलेला माणूस : पालवणकर बाळू



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एका क्रिकेटपटूचे नाव सुचविले. ते ऐकून काही जणींना हसू आले. महिला मंडळाला क्रिकेटशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटले असावे. परंतु पालवणकर बाळू यांचे आयुष्य समजून घेतले म्हणजे ध्यानात येते की, त्यात चेंडू-फळीपेक्षा माणुसकीचाच भाग अधिक आहे. अपमानाने दुखावलेले मन खेळाने कसे सावरते आणि कोठपर्यंत सावरते, हे त्यात दिसते. म्हणून हा लेख.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. त्या काळी या एका शब्दाने माणसाचे पाणी, विहीर, देऊळ आणि पंगत, सारे काही ठरून जात असे. वडील लष्करात नोकरीला होते व त्यामुळे कुटुंब पुण्यास राहात असे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे भाऊ खेळायला शिकले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे ते भाऊ. पुढे चौघांनीही क्रिकेटमध्ये नाव काढले.

घरची ओढगस्त होती. बाळूंनी शाळा सोडली आणि पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात चाकरी धरली. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा, हे काम आणि पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे रूळ ओढणे, जाळ्या उभारणे, मैदानावर रेघा आखणे अशी कामे असत आणि पगार ४ रुपये. फावल्या वेळी साहेबांना सरावासाठी ते चेंडू टाकू लागले. डाव्या हाताची संथ फिरकी हा त्यांचा विशेष. चेंडू कधी आत वळे, कधी बाहेर जाई, कधी वाटेतच मंदावल्यासारखा होई. ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्याकडून सराव करून घेई. बाळूंनी एकदा त्याला बाद केले की तो आठ आणे बक्षीस देई, अशी कथा सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी वाटणी होती. पण या नोकराने आपल्या वाट्याच्या कामातूनच विद्या मिळविली. रोज शेकडो चेंडू टाकून हात असा बसला की, पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची दखल घेणे भाग पडले.

त्या क्लबात मतभेद झाले. चांभाराच्या मुलाला संघात घ्यावे की नाही, यावर तट पडले. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली आणि बाळू संघात आले. खेळात शिवाशिव पाळणे शक्य नव्हते, कारण चेंडू एकच आणि तो सगळ्यांच्या हातून फिरणार. मैदानाबाहेर मात्र ती जशीच्या तशी होती. चहाच्या सुट्टीत इतर मंडळी आत बसून कपबशीतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या बोळक्यात चहा मिळे. ते बोळके नंतर फेकून द्यावयाचे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. हातपाय धुवावयाचे झाले तर पाणीही त्यांच्याच जातीच्या माणसाने आणून द्यावयाचे. सकाळी ज्याच्या गोलंदाजीवर आपण सामना जिंकतो आहोत, त्याच्या हातचे पाणी दुपारी चालत नाही, हे त्या सुशिक्षित मंडळींना विचित्र वाटले नाही. साताऱ्याच्या गोऱ्या संघाला हरविल्यावर बाळूंचा सत्कार झाला. त्या वेळी न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंची कानउघाडणी केली की, बरोबर खेळता तर बरोबर जेवायलाही हवे. पण सत्काराच्या हाराइतक्या सहजपणे शेजारचे ताट मिळत नाही.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. पुढे त्यांनी बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीत, नोकरी केली व तिच्या संघातून ते खेळले. हिंदू जिमखान्यात प्रवेश देताना तेथेही काही सभासदांनी विरोध केला. पण कर्णधार कीर्तिकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि बाळू हिंदू संघात आले. मुंबईत हळूहळू वारे पालटले. १९०६ सालच्या फेब्रुवारीत हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. राज्यकर्त्यांवर मिळविलेला तो विजय देशभर गाजला. त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही भाऊ होते, आणि जिमखान्याच्या सभासदांनी त्यांच्याबरोबर एका पंगतीला जेवण केले. पुण्यातील त्या मातीच्या बोळक्यापासून या पंगतीपर्यंत यायला दहाएक वर्षे लागली. सुधारणेच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी या पंगतीची विशेष नोंद घेतली.

१९११ साली प्रथमच सबंध हिंदुस्थानचा एक संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कर्णधार होते. संघात हिंदू, पारशी, मुसलमान असे सर्व धर्मांचे खेळाडू होते आणि शिवरामही होते. संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तिशीला आलेल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले आणि इंग्लंडातील जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. रूळ ओढणारा पोरगा विलायतेत असे नाव मिळवितो, ही बातमी महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांत दिव्यासारखी लागली असेल. तरुण भीमराव आंबेडकर यांनाही त्या वेळी बाळूंचा फार अभिमान वाटे.

आता एवढ्यावर चरित्र संपविले तर ते गोड होईल, पण अपुरे राहील. एवढी कर्तबगारी दाखवूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. वर्षामागून वर्ष दुसऱ्या कोणाची तरी निवड होई. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले की, हा मान वास्तविक ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि वयाने व अनुभवाने लहान असलेल्या खेळाडूकडे नेतृत्व दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी आपली नावे काढून घेतली. अन्याय होत असेल तर आम्ही खेळणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. शेवटी पै कर्णधार व बाळू उपकर्णधार अशी तडजोड निघाली. सामना चालू असताना पै आपणहून मैदानाबाहेर गेले आणि काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पै यांची ती कृती मला सगळ्या सामन्यांहून मोठी वाटते. तीन वर्षांनी, १९२३ साली, धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचेही खांदे होते.

उतारवयात बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते समेटाच्या बाजूने होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अस्पृश्यांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी दोघांची मते निराळी होती. बाळूंचा विश्वास समेटावर होता आणि बाबासाहेबांचा हक्कावर. ज्या समाजाने बाळूंना फेकून देण्याच्या बोळक्यात चहा दिला, त्याच्याशी समेट करण्याची भाषा ते कशी करू शकले, असा प्रश्न मला पडतो. मला वाटते, मैदानावर त्यांनी माणसे बदलताना डोळ्यांनी पाहिली होती. आणि किती थोडी बदलतात हे पाहून बाबासाहेब हक्कासाठी झगडत होते. दोघांचेही पाहणे खरे होते. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. अंत्ययात्रेस खेळाडूही होते आणि दलित पुढारीही.

या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? खेळ माणसाला सावरतो, हे खरे आहे. रोज ठरल्या वेळी शरीराला काम दिले म्हणजे मनातला सल थोडा मागे सरतो. आज चेंडू नीट पडला नाही तर उद्या पडेल, ही आशा अंगात मुरते. हरल्यावर घरी जाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येणे, यालाच चिवटपणा म्हणावयाचे. आमच्या ओळखीची एक भगिनी पतिनिधनानंतर वर्षभर उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. पुढे कामासाठी दूरच्या पाड्यावर जाणे भाग पडले, म्हणून चाळिशीत ती मुलाच्या सायकलवर बसायला शिकली. दोनदा पडली, गुडघे फुटले. पण महिन्याभरात तिची मान वर झाली, हे आम्ही सर्वांनी पाहिले. सायकलने तिचे दुःख नेले नाही. दुःख घेऊन चालण्याचे बळ मात्र दिले.

पण खेळ एकटा सगळे करीत नाही, हेही बाळूंच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या हाताला वळण त्यांनी स्वतः लावले. पण पंगतीत जागा देणे त्यांच्या हाती नव्हते. ते काम कीर्तिकरांचे, पैंचे, भावांचे आणि प्रेक्षकांचे होते. खेळणाऱ्याने सराव करावयाचा आणि पाहणाऱ्याने न्याय करावयाचा, तेव्हा जखम भरते.

आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन वणवण करतात. त्या बायांच्या आणि त्यांच्या मुलींच्या पायांत जो दम आहे, तो कोणत्याही व्यायामशाळेत विकत मिळणार नाही. शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरून दप्तर अडकवून सायकलने शाळेत जाणाऱ्या पोरी पाहा. कबड्डीच्या आणि खो-खोच्या मैदानावर त्यांना कोणी हरवू शकेल असे मला वाटत नाही. मात्र सामना संपल्यावर त्या कोठे बसतात, आपल्या शेजारी की ओट्याखाली, हे आपण पाहावयाचे आहे. हळदीकुंकवाला ठाकर-कातकरी वाडीवरच्या किती जणींना आपण बोलावतो, आणि नवरा गेलेल्या भगिनीच्या कपाळी कुंकू लावताना किती जणींचा हात अडखळतो, हेही प्रत्येकीने स्वतःशी तपासून पाहावे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदा वर्धापनदिनाच्या निधीतून थोडी रक्कम मुलींच्या खेळांसाठी काढून ठेवावी. एक मैदान सपाट करावे, एक-दोन जुन्या सायकली दुरुस्त करून शिकण्यासाठी ठेवाव्यात, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आपणही पदर खोचून लंगडी खेळावी. आणि खेळ झाल्यावरचा चहा सर्वांना एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत मिळावा. मैदानासाठी पैसा लागेल, चहाच्या या नियमासाठी काहीच लागणार नाही. तो नियम आपण या वर्धापनदिनापासूनच सुरू करू या.