रेव्ह. नारायण वामन टिळक : विश्वासाच्या वाटेवरील मराठी प्रेषित

भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमधून मिस्साबलिदान आटोपून दक्षिणेकडे चालत निघाले की थोड्याच वेळात जे. जे. रुग्णालय लागते. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी आजाऱ्यांना भेटण्यासाठी आम्ही या रुग्णालयाच्या पायऱ्या चढलो आहोत. याच रुग्णालयात ९ मे १९१९ रोजी एका मराठी कवीने देह ठेवला. मृत्यूसमयी त्याच्याजवळ धनसंपत्ती नव्हती, मिशनचा पगारही त्याने स्वेच्छेने सोडलेला होता. मात्र महाराष्ट्रातील ख्रिस्ती जनांना पुढील कित्येक पिढ्या पुरेल एवढी भक्तिगीतांची शिदोरी तो मागे ठेवून गेला. त्या कवीचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक कॅथोलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मंडळीचे ते आचार्य होते. तरीही त्यांच्या जीवनाचे स्मरण करणे आम्हांला अगत्याचे वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश प्रसिद्ध केला आणि अन्य ख्रिस्ती बांधवांच्या ठायी दिसणाऱ्या ख्रिस्तदत्त गुणांचा आनंदाने स्वीकार करण्यास आपणांस शिकविले. टिळकांच्या बाबतीत तो स्वीकार अवघड नाही. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत पंथभेदाच्या भिंती ओलांडून केव्हाच पोहोचली आहेत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. बालवयातच मातृछत्र हरपले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून विख्यात झाली. विवाहसमयी ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. शिक्षक, कीर्तनकार, संपादक अशी अनेक कामे त्यांनी केली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला असताना त्यांनी 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. मनात मात्र एकच तळमळ होती. ज्या धर्मात माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाही आणि जो देशबांधवांना खरी उभारी देईल, अशा धर्माचा ते शोध घेत होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे कवितेवरून धर्माकडे वळले. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते त्यावेळी अशक्य वाटले. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन दिलेले असल्याने त्यांनी वाचन सुरू केले. प्रभू येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. आयुष्यभर जे प्रश्न त्यांना छळत होते, त्यांची उत्तरे त्यांना तेथे गवसली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो परदेशी मिशनरीच्या हातून न घेता रेव्ह. तुकाराम नथोजी या एतद्देशीय आचार्याच्या हातून त्यांनी घेतला. ख्रिस्ती होताना आपण आपला देश सोडत नाही, हे त्यांना त्यातून दाखवावयाचे होते.

या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. नवरा जिवंत असताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला विधवेसारखे जिणे आले. लहानगा दत्तू पदरी घेऊन त्या आप्तांच्या आधाराने पंढरपूरला राहिल्या. ही ताटातूट चार वर्षांहून अधिक काळ टिकली. संतचरित्रे सांगताना आपण पुष्कळदा घरच्या माणसांच्या अश्रूंवरून पुढे निघून जातो. येथे तसे करणे योग्य होणार नाही. देवावर विश्वास टाकणाऱ्या माणसाच्या हातूनही जवळच्यांना दुःख होते, हे सत्य लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लपविलेले नाही. पण त्यात कडवटपणाचा लवलेश नाही, हेही तितकेच खरे.

टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही. त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) परत आल्या त्या आपले सोवळे-ओवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते चालू दिले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा दुसऱ्याला देताना किती धीर धरावा लागतो, याचा धडा टिळकांना प्रथम आपल्या घरातच गिरवावा लागला.

अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात ते शिकवीत होते. १९०४ साली त्यांना आचार्यपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे आणि दारी आलेला माणूस विन्मुख जात नसे. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना या दांपत्याने आपल्या घरात आसरा दिला. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात सर्वांना मोहविणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, पुढे टिळकांच्या घरी पुत्रासारखे राहिले. बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या प्रेमात त्यामुळे तसूभरही उणेपणा आला नाही. सेवेला अट घालावयाची नसते, हे त्यांच्या घराने महाराष्ट्राला दाखविले.

त्यांच्या प्रेषितकार्याचे दुसरे साधन होते मराठी भाषा. त्याकाळी मंडळ्यांतून इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्तमंदिरात आणले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भक्तीवर पोसलेला त्यांचा पिंड होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो, अशी त्यांची भावना होती. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हे प्रभू येशूचे चरित्रकाव्य लिहावयास घेतले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले होते. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी तीच परंपरा पुन्हा बहरत होती.

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर मनुष्य निवृत्तीचा व पुढील तरतुदीचा विचार करू लागतो. आम्हीही त्याला अपवाद नाही. टिळकांनी याच वयात, १९१७ साली, मिशनची पगारी सेवा सोडली. पगारासाठी धर्म सांगितला जातो हा लोकांचा समज त्यांना बोचत होता. आपला निर्वाह सर्वस्वी देवावर सोपवून ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र यावे असे त्यांना वाटत होते. या कल्पनेविषयी आपल्या ख्रिस्तसभेची भूमिका भिन्न आहे, कारण बाप्तिस्मा हेच ख्रिस्तसभेचे प्रवेशद्वार आहे. तरीही, ख्रिस्त आवडतो पण ख्रिस्ती समाज परका वाटतो, अशा बांधवांची टिळकांना असलेली कळकळ आपणांस विचार करावयास लावते.

हे कार्य रुजण्यापूर्वीच प्रकृतीने दगा दिला आणि अवघ्या दोन वर्षांत भायखळ्याच्या या रुग्णालयात त्यांची यात्रा संपली. 'देवाचा दरबार' बाल्यावस्थेत होता. 'ख्रिस्तायना'चे सुमारे दहा अध्यायच लिहून झाले होते. लौकिक दृष्टीने पाहता हे अपयशच होते.

ते काव्य पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरे गिरवावयास शिकलेल्या या स्त्रीने पुढील ६४ अध्याय लिहिले. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. टिळकांच्या श्रद्धेपायी जिने सर्वाधिक सोसले, तिच्याच लेखणीने त्यांचे काम तडीस नेले. पेरणारा एक आणि कापणी करणारा दुसरा, असे शुभवर्तमान सांगते. त्याचा असा प्रत्यय क्वचितच येतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाला पगार सोडून साताऱ्याची वाट धरावयाची नाही. संसार, मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते हे सारे आपल्या पाठीशी आहे आणि तेही देवाने सोपविलेलेच कर्तव्य आहे. परंतु श्रद्धेची गोष्ट करताना आपण स्वतः काही पणाला लावतो काय, हा प्रश्न टिळकांचे जीवन आपणांस विचारते. शेजाऱ्याशी आपण त्याच्या भाषेत बोलतो काय? घरातील ज्या व्यक्तीला आपली श्रद्धा पटत नाही, तिला देवाने दिलेला वेळ आपणही देतो काय? आणि आपले काम अपुरे राहिले तरी ते कोणाच्या तरी हातून प्रभू पुरे करील, एवढा भरवसा आपल्यापाशी आहे काय?

पुढच्या वेळी जे. जे. रुग्णालयात आपल्या कोणा आजाऱ्याला भेटावयास जाल, तेव्हा दारापाशी क्षणभर थांबून या कवीसाठी आणि त्याच्या सहधर्मचारिणीसाठी एक प्रार्थना अवश्य करा.